चिंताविकार नेमका किती जणांना असतो?

2004 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने झालेल्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चौदा देशांतल्या साठ हजारांहून जास्त प्रौढांना एकाच साच्यातले प्रश्न विचारले होते. गेल्या वर्षभरात चिंताविकार झालेल्यांचं प्रमाण अमेरिकेत 18.2 टक्के निघालं, शांघायमध्ये 2.4 टक्के. शांघायची माणसं अमेरिकनांपेक्षा सात-आठ पटींनी निवांत असतात हे मला पटत नाही. खुद्द संशोधकांनीही बजावलं होतं, की जिथे आकडा फार कमी दिसतो तिथे तो प्रत्यक्षापेक्षा कमी असण्याची शक्यता आहे.

आधी, मोजतात काय ते पाहू. परीक्षेच्या आदल्या रात्री झोप लागत नाही, मुलगी रात्री उशिरापर्यंत घरी आली नाही की जीव टांगणीला लागतो, हा आजार नव्हे. भीती किंवा काळजी प्रसंगाच्या मानाने खूपच जास्त असेल, महिनोन् महिने सुटत नसेल आणि तिच्यापायी कामधंदा, झोप, नाती बिघडत असतील, तर डॉक्टर चिंताविकाराचं निदान करतात. सतत कशाची ना कशाची काळजी लागून राहण्याच्या विकारासाठी किमान सहा महिन्यांची अट आहे. पॅनिकचे झटके, चारचौघांत बोलण्याची पराकोटीची धास्ती, उंचीची किंवा बंद जागेची भीती हे सगळे याच कुटुंबातले. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदान-पुस्तिकेने 2013 मध्ये मंत्रचळ (तेच विचार, त्याच कृती पुन्हा पुन्हा) आणि आघातानंतरचा ताणविकार या गटातून बाहेर काढले. त्यामुळे जुन्या पाहण्यांची बेरीज नव्या पाहण्यांशी सरळ जुळत नाही. शिवाय ‘आज आजारी किती’, ‘वर्षभरात किती’ आणि ‘आयुष्यात कधीतरी किती’ हे तीन वेगळे प्रश्न आहेत. बातमीत मात्र तिन्हींची उत्तरं एकाच मथळ्याखाली येतात.

त्याहून नाजूक बाब म्हणजे विचारण्याची. अशा पाहणीच्या मुलाखतीत सुरुवातीला काही चाळणीचे प्रश्न असतात. त्यांना ‘नाही’ म्हटलं की त्या विकाराचा पुढचा सगळा भाग गाळला जातो. आता लालबाग-परळच्या एखाद्या चाळीतली खोली डोळ्यांसमोर आणा. दार उघडं, सासूबाई कॉटवर, शेजारीण चहाला आलेली, आणि एक अनोळखी माणूस हातात फॉर्म घेऊन सुनेला विचारतो, ‘तुम्हाला अचानक खूप भीती वाटते का?’ ती ‘नाही’ म्हणणार. तिचं लग्न, नवऱ्याची नोकरी, घरातली तिची पत, सगळं त्या एका उत्तराशी बांधलेलं असतं. तिच्या नावापुढे फुली पडते आणि देशाच्या आकडेवारीत एक निरोगी बाई वाढते.

मोजण्याच्या पद्धतीतले असे फरक हिशेबात धरले तर काय होतं? 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात 44 देशांतले 87 अभ्यास एकत्र तपासले होते. या अभ्यासांमधलं प्रमाण 0.9 टक्क्यापासून 28.3 टक्क्यांपर्यंत पसरलेलं होतं, म्हणजे तीसपट. फरकांची दुरुस्ती केल्यावर आफ्रिकी समाजांत 5.3 टक्के आणि युरोपीय-इंग्रजी समाजांत 10.4 टक्के उरलं. तीसपट अंतर दुपटीवर आलं. जगाची सरासरी निघाली 7.3 टक्के, म्हणजे साधारण चौदा माणसांत एक. मला या सगळ्या विषयातला हा सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष वाटतो. दुरुस्तीनंतर उरलेला फरकही निरर्थक नाही. युद्ध आणि संघर्ष सोसलेल्या समाजांत, स्त्रियांत, तरुणांत प्रमाण जास्त आढळतं. स्त्रियांमध्ये ते पुरुषांच्या दीडपट ते दुप्पट आहे आणि जवळजवळ प्रत्येक देशात हा कल टिकून राहतो.

जागतिक आरोग्य संघटनेचा नंतरचा एक अंदाज याहून सावध आहे: 2019 मध्ये जगभरात 30 कोटी 10 लाख माणसं, लोकसंख्येच्या सुमारे 4 टक्के. सावध आकडा धरला तरी मानसिक आजारांत हाच सर्वांत जास्त आढळणारा. करोनाच्या 2020 या पहिल्या वर्षात त्यात आणखी साडेसात कोटींहून जास्त रुग्णांची भर पडली, असा अंदाज पुढे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला.

भारतासाठी 2017 चा अंदाज 4 कोटी 49 लाख आहे, म्हणजे 3.3 टक्के. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बारा राज्यं होती आणि महाराष्ट्र त्यांत नव्हता. त्यामुळे देशाचीच सरासरी मुंबईला लावून पाहिली, तर 2011 च्या जनगणनेतल्या 1 कोटी 24 लाख मुंबईकरांपैकी चार लाखांवर लोक येतात. वानखेडे बारा वेळा भरलं तरी माणसं उरतील. हा नुसता गुणाकार आहे, मोजणी नव्हे. पण अंदाज बांधायला तो पुरतो.

मग ही माणसं असतात कुठे? बरीचशी मनोविकारतज्ज्ञाच्या दारात कधी जातच नाहीत. ती कॅज्युअल्टीत असतात. पॅनिकच्या झटक्यात मेंदूतली धोक्याची यंत्रणा कारण नसताना पेटते, अॅड्रेनलिन उसळतं, हृदय धडधडतं, घाम फुटतो. श्वास जलद होतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, आणि त्याने बोटांना मुंग्या येतात, चक्कर येते. त्यामुळे भीती आणखी वाढते. काही मिनिटांतच हे सगळं शिगेला पोचतं आणि माणसाला खरोखर वाटतं, आपण आता मरणार. ईसीजी नॉर्मल, रक्ततपासणी नॉर्मल, पुढे टूडी एको नॉर्मल. ‘तुम्हाला काहीच झालेलं नाही’ असं सांगून घरी पाठवतात आणि पंधरा दिवसांनी तोच माणूस परत येतो. छातीत दुखलं तर आधी हृदयच तपासायला हवं, यात शंका नाही. पण रिपोर्ट नॉर्मल आल्यावर संभाषण तिथेच थांबावं याचं मला फार वाईट वाटतं. त्याला काहीतरी झालेलं असतं, त्या आजाराला नाव असतं, आणि त्यावर उपचारही असतो.

तोवर तो स्वतःच आपला मार्ग काढू लागतो. घाटकोपर ते ठाणे फास्ट लोकल मधल्या बहुतेक स्टेशनांवर थांबत नाही, म्हणून तो स्लो पकडतो. निदान दर तीन-चार मिनिटांनी उतरता तरी येतं. पुढे गर्दीच्या वेळा टाळतो, पुढे लोकलच टाळतो, शेवटी घराजवळची कमी पगाराची नोकरी धरतो. टाळल्याने त्या क्षणी सुटका होते आणि मेंदू धडा घेतो, की धोका खराच होता. म्हणूनच इथे सर्वांत उपयोगी ठरलेली मानसोपचार पद्धत याच्या उलट जाते. समुपदेशकाच्या मदतीने, ठरवून, पायरीपायरीने त्या प्रसंगाला सामोरं जायचं: आधी एक स्टेशन, मग दोन, मग फास्ट. औषधंही आहेत. नैराश्यावर देतात त्याच गटातली, नेमाने घेतल्यास काही आठवड्यांत गुण देणारी. अल्प्राझोलामसारखी गोळी मिनिटांत शांत करते, पण तिची सवय लागते. शेजाऱ्याच्या पाकिटातली घेऊ नये आणि चालू असलेली मनाने एकदम बंदही करू नये.

एकवीस देशांच्या पाहणीत चिंताविकार असलेल्यांपैकी कसलाही उपचार मिळालेले 27.6 टक्के होते, आणि पुरेसा म्हणता येईल असा उपचार मिळालेले जेमतेम 9.8 टक्के. भारताच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात नैराश्य-चिंतेसारख्या आजारांच्या सुमारे 85 टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचलेला नव्हता. मुंबईत तरी जागांचा दुष्काळ नाही. जे. जे. रुग्णालयात मनोविकार विभाग 1938 पासून आहे. केईएम, नायर आणि सायनमध्ये ओपीडी चालते. 2022 मध्ये सुरू झालेल्या टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मराठीतही मोफत बोलता येतं.

अडतं ते त्याआधीच्या पायरीवर, फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात. चिंताविकाराची चाचपणी करणारी जीएडी-7 ही प्रश्नावली 2006 साली नेमकी अशाच दवाखान्यांसाठी तयार झाली. सात प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे: काळजी थांबवता येत नाही असं किती दिवस वाटलं, स्वस्थ बसवत नव्हतं असं किती दिवस झालं. एकूण गुण 21; दहा किंवा जास्त आले तर सविस्तर तपासणी करावी. एवढ्यावरून निदान होत नाही, पण ‘गॅस असेल’ म्हणून पुडी बांधून देण्याआधी हे सात प्रश्न विचारायला फार तर पाच मिनिटं लागतात.