उपग्रहाला वारा दिसत नाही, पाणी दिसतं

अरबी समुद्रात वादळ उठल्याची बातमी आली की बेळगावात पहिली चौकशी होते ती चोर्ल्याच्या रस्त्याची. घाटात झाड पडलंय का, गोव्याची गाडी सुटणार का, एवढंच. वादळ म्हणजे कोकण-गोव्याची डोकेदुखी, असं आपण धरून चालतो. खरं तर पणजी आपल्यापासून सरळ रेषेत जेमतेम ऐंशी किलोमीटर. शेकडो किलोमीटर पसरलेल्या चक्रीवादळाला एवढं अंतर म्हणजे काहीच नाही.

त्यातही वादळ कुठून कुठे निघालंय, याला महत्त्व आहे. आपल्या गोलार्धात त्याचे वारे घड्याळाच्या उलट्या दिशेनं फिरतात आणि वादळाची स्वतःची चाल, ज्या दिशेला ते निघालंय तिच्या उजव्या अंगाच्या वाऱ्यात मिळते. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ किनाऱ्याला धरून उत्तरेकडे सरकलं, म्हणजे त्याचं जोराचं अंग आपल्याच बाजूला होतं. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ ईशान्येकडे वळून रायगडात घुसलं, तेव्हा उजवीकडच्या श्रीवर्धनची दैना झाली आणि डावीकडची मुंबई बचावली.

भर समुद्रात हा वारा मोजायचा कसा? अमेरिकेत थेट वादळात विमानं घालतात. आपली भिस्त मुख्यतः उपग्रहांवर. आणि उपग्रहाला वारा दिसतच नाही, त्याला दिसतं पाणी. वारा पडलेला असताना राकसकोप जलाशयाच्या काठावर उभे राहा. पलीकडची झाडं पाण्यात स्वच्छ उमटलेली असतात. झुळूक आली की पाण्यावर बारीक सुरकुत्या धावतात आणि प्रतिबिंब मोडतं. समुद्रावरही हेच घडतं. उपग्रहावरचं स्कॅटेरोमीटर नावाचं रडार सुमारे दोन सेंटिमीटर लांबीच्या रेडिओ लहरी तिरप्या सोडतं. गुळगुळीत पाण्यावरून त्या पुढे निसटतात. सुरकुतलेल्या पाण्यावरून मात्र त्यांतल्या काही माघारी येतात. परत आलेल्या लहरींच्या जोरावरून वाऱ्याचा वेग काढतात आणि एकच जागा वेगवेगळ्या कोनांतून पाहून दिशा. इस्रोनं २००९ मध्ये ओशनसॅट-२, २०१६ मध्ये स्कॅटसॅट-१ आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ईओएस-०६ सोडला, ते तिन्ही याच जातीचे.

पण ऐन वादळाच्या गाभ्यात ही युक्ती तोकडी पडते. धो धो पाऊस या लहरी अडवतो, आणि समुद्र फेसाळला की वारा आणखी वाढला तरी परतीच्या लहरी फारशा वाढत नाहीत. नासानं डिसेंबर २०१६ मध्ये आठ छोटे उपग्रह सोडले. ते जीपीएस उपग्रहांचेच, पण पाण्यावरून उसळलेले संदेश ऐकतात. त्यांची लहर लांब, म्हणून पाऊस तिला फारसा अडवत नाही. याखेरीज इन्सॅट या आपल्या उपग्रहांच्या चित्रांत ढगांची गुंडाळी किती घट्ट झाली आहे, त्यावरून जोर ठरवण्याची १९७० च्या दशकातली ड्वोरॅक पद्धत आजही रोज वापरात आहे. जुनी, पण भरवशाची.

किनारा आला की सुरकुत्या संपल्या. घाटाखालच्या केरीपासून खानापूरपर्यंत वारा किती, हे स्कॅटेरोमीटर सांगू शकत नाही. तिथून पुढे जमिनीवरचे तुरळक वायुवेगमापक, रडार आणि संगणकावरचं प्रारूप. प्रारूपात हवेचे चौकोनी तुकडे पाडतात, समुद्रावरची मोजमापं सुरुवातीला भरतात आणि पुढची हालचाल गणितानं काढतात. तुकडा बारा किलोमीटरचा असेल, तर केरीपासून चोर्ल्यापर्यंतची अख्खी चढण एक-दोन तुकड्यांत मावते. संगणकाच्या लेखी तो कडा नसतो, साधा उतार असतो. घळीतून घुसणारा झोत आणि डोंगराआड पडलेली शांतता, दोन्ही त्यात पुसली जातात. २०२५ च्या मे महिन्यात आलेल्या भारत फोरकास्ट सिस्टीम या आपल्या प्रारूपानं तुकडा सहा किलोमीटरवर आणला. बरं झालं, पण सह्याद्रीसाठी तोही मोठाच.

मोबाईलवर रंगीत वारे वाहताना दिसतात ते हेच गणित. लोक त्याला उपग्रहाचा फोटो समजून पुढे पाठवतात. आकड्यांचाही घोळ होतो. आपलं हवामान खातं तीन मिनिटांची सरासरी सांगतं, अमेरिकी संस्था एका मिनिटाची, त्यामुळे एकाच वादळाचा त्यांचा आकडा सहसा चढा दिसतो. दोन्ही आकडे वादळाच्या गाभ्याजवळचे असतात. काढणीला आलेलं खानापूरचं भात आडवं करायला त्याच्या निम्मा झोतही पुरतो, म्हणून शेतकऱ्यानं बातमीतला मोठा आकडा सोडून आपल्या जिल्ह्याच्या इशाऱ्यातला झोताचा वेग बघावा.