गुण स्वतःचे, तरी मनात 'तोतया'

पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंच्या नावाने एक तोतया उभा राहिला होता. हक्क नसलेल्या जागेवर त्याने दावा सांगितला. मानसशास्त्रातला 'इम्पोस्टर' नेमका उलटा. त्याला प्रवेश स्वतःच्या गुणांवर मिळालेला असतो, पण आपण इथे चुकून आलोय आणि एक दिवस पकडले जाणार, ही धास्ती जात नाही.

मानसशास्त्रज्ञ पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स यांनी 1978 मध्ये अमेरिकेतल्या दीडशेहून अधिक यशस्वी स्त्रियांबरोबरच्या कामातून ही भावना मांडली. पुढे ती पुरुषांतही आढळली. क्लान्स आणि आइम्स यांना अशा स्त्रियांच्या घरांच्या दोन तऱ्हा दिसल्या होत्या. एका घरात 'हुशार' हा शिक्का दुसऱ्याच भावंडावर बसलेला असतो आणि हिच्या वाट्याला 'स्वभावाने गोड' येतं. मग हिने पहिला नंबर काढला तरी शिक्का हलत नाही, उलट नंबरच संशयास्पद ठरतो. दुसऱ्या घरात 'हिला सगळं सहज येतं' असं लहानपणापासून कानावर पडतं. कॉलेजात पहिल्यांदा काही अडलं, की 'सहज येत नाही, म्हणजे मी हुशार नव्हतेच' असा निष्कर्ष निघतो. हे दुसरं घर कौतुक करणारं असतं, म्हणूनच ते लक्षात येत नाही.

ब्रिटनमधल्या विद्यार्थ्यांच्या 2001 च्या एका अभ्यासात पालकांचं अतिसंरक्षण आणि ही भावना यांचा संबंध दिसला. कारण समजण्यासारखं आहे: प्रोजेक्ट बाबांनी केला, फॉर्म आईने भरला, तर यश कोणाच्या खात्यावर जमा करायचं?

स्वभावाचा वाटाही मोठा. चटकन चिंतेत पडणाऱ्यांत, म्हणजे न्यूरॉटिसिझम जास्त असलेल्यांत, ही भावना अधिक आढळते. शिस्तीने काम करणाऱ्यांत मात्र ती कमी दिसते. शिस्त आणि 'एकही चूक चालणार नाही' हा हट्ट या दोन वेगळ्या गोष्टी. हट्ट असेल तिथे ही भावना जास्त दिसते.

क्लान्स यांच्या प्रश्नावलीत 20 विधानं असतात, प्रत्येकाला 1 ते 5 गुण. बेरीज 40 पर्यंत असेल तर भावना सौम्य, 61 पासून पुढे ती वारंवार येणारी आणि 80 च्या वर तीव्र. हे आजाराचं निदान नव्हे. शिवाय बहुतेक अभ्यास एकाच वेळी घेतलेल्या उत्तरांवर उभे आहेत. चिंताळू विद्यार्थ्याला बालपणही अधिक जाचक आठवू शकतं, आणि पालकांकडून संस्कारांबरोबर जनुकंही येतात. त्यामुळे सगळं आईबापांच्या माथी मारणं घाईचं होईल.

परीक्षा जवळ आली की चक्र सुरू होतं. भीतीपोटी काही जण गरजेच्या दुप्पट अभ्यास करतात, काही शेवटच्या रात्रीपर्यंत टाळतात. पास झाल्यावर पहिले म्हणतात, 'घासली म्हणून जमलं', दुसरे म्हणतात, 'नशीब!' कुवतीच्या खात्यावर काहीच जमा होत नाही. म्हणून 'हुशार आहेस' इतकंच नव्हे, नुसतं 'किती मेहनत घेतलीस' हे कौतुकही इथे उपयोगी पडत नाही. 'तिसरं उदाहरण तू आकृती काढून सोडवलंस' असं नेमकं सांगावं. विद्यार्थ्याने पेपरआधी अपेक्षित गुण आणि त्यामागचं कारण वहीत लिहावं, निकालानंतर शेजारी खरे गुण लिहावेत. चार-पाच पेपरांनंतर अंदाज सतत एकाच बाजूला चुकताना दिसला, तर ती वही समुपदेशकाकडे नेण्यासारखी आहे.