‘टॅलाफोर्निया’ची पार्श्वभूमी : घर, वस्ती आणि पत्ता

डिसेंबर २०११ मध्ये आयर्लंडच्या टीव्ही थ्री या खासगी वाहिनीवर ‘टॅलाफोर्निया’ ही रिअ‍ॅलिटी मालिका सुरू झाली. विशीतल्या काही तरुण-तरुणींना एका घरात एकत्र राहायला लावायचे आणि त्यांच्या पार्ट्या, प्रेमप्रकरणे व भांडणे कॅमेऱ्यात टिपायची, एवढाच तिचा ऐवज होता. तीन हंगामांनंतर २०१३ मध्ये ती संपली. मालिका म्हणून तिची नोंद फारशी कोणी ठेवणार नाही. मात्र तिचे नाव कोठून आले आणि ते ऐकून डब्लिनकरांच्या ओठांवर हसू का उमटले, हे समजून घ्यायचे तर बरेच मागे जावे लागते.

टॅला हे डब्लिनच्या नैर्ऋत्येला, डोंगरांच्या पायथ्याशी वसलेले उपनगर आहे. त्याच्या रोमन स्पेलिंगच्या शेवटी आणखी तीन अक्षरे लिहिली जातात, पण ती उच्चारत नाहीत. ती उच्चारणारा माणूस बाहेरगावचा, हे लगेच ओळखू येते. आठव्या शतकात येथे संत मेल रुआन यांनी स्थापन केलेला मठ नावाजलेला होता. त्यानंतर शतकानुशतके ते एक लहान खेडेच राहिले. १९६७ मध्ये नगररचनाकार माइल्स राइट यांचा डब्लिन परिसराविषयीचा अहवाल आला आणि शहराच्या पश्चिमेला नवी नगरे उभारून वाढती लोकसंख्या तिकडे न्यावी, हे धोरण पुढे आले. टॅला हे त्यांपैकी एक नगर. शहराच्या मध्यभागातील जुन्या, दाटीवाटीच्या वस्त्यांमधून हजारो कुटुंबे नव्या सार्वजनिक घरांमध्ये राहायला आली. घरे आधी आली, बाकीचे सगळे मागाहून. ‘द स्क्वेअर’ हे मोठे बाजारसंकुल १९९० मध्ये उघडले, मोठे रुग्णालय १९९८ मध्ये आले आणि शहराशी जोडणारी लुआस ही ट्राम २००४ मध्ये. मधल्या काळात तरुण लोकसंख्या, बेकारी आणि अपुऱ्या सोयी यांच्यामुळे टॅलाला जे नाव चिकटले, ते सोयी आल्यावरही पुसले गेले नाही. डब्लिनमध्ये माणसाचा पत्ता आणि त्याच्या बोलण्याची लकब यांवरून त्याचा वर्ग ठरवण्याची सवय जुनी आहे. त्या सवयीत टॅला म्हणजे कामकरी वर्गाची, जरा बेफाम समजली जाणारी वस्ती. तिच्या नावाला कॅलिफोर्नियाचे ऊन आणि समुद्रकिनारा जोडला की विनोद आपोआप तयार होतो.

अनोळखी तरुणांना एका छपराखाली ठेवून चित्रीकरण करण्याची पद्धत मात्र अमेरिकेतून आली. १९९२ मध्ये एमटीव्हीने ‘द रिअल वर्ल्ड’ सुरू केली, तेव्हा मूळ बेत तरुणांसाठी एक दैनंदिन मालिका काढण्याचा होता. पण लेखक आणि नट यांचा खर्च परवडेना, म्हणून नटांच्या जागी खरी माणसे आणि संहितेच्या जागी सहवास आला. काटकसर हा या प्रकाराचा जन्मगुण आहे, हे येथे लक्षात ठेवणे बरे. १९९९ मध्ये नेदरलँड्समधून ‘बिग ब्रदर’ निघाला. त्याने घराला कुलूप लावले आणि किल्ली प्रेक्षकांच्या मताधिकाराच्या हाती दिली. मराठी वाचकाच्या ओळखीचा ‘बिग बॉस’ याच घराण्यातला आहे.

आयर्लंडला स्वतःचा ‘बिग ब्रदर’ काढण्याची निकड कधी फारशी भासली नाही, कारण ब्रिटिश वाहिन्या तेथे घरोघरी दिसत आणि ब्रिटनच्या घरात आयरिश माणसे पोहोचलेलीच होती. २००० च्या पहिल्या हंगामात, पूर्वी नन (ख्रिस्ती संन्यासिनी) होण्याची दीक्षा घेऊ पाहणारी डब्लिनची अ‍ॅना नोलन दुसरी आली आणि २००१ मध्ये किल्डेअर परगण्यातील ब्रायन डाउलिंग विजेता ठरला. दोघांनीही आपले समलैंगिकत्व लपवले नव्हते. आयर्लंडमध्ये पुरुषांमधील समलैंगिक संबंध १९९३ पर्यंत गुन्हा होते, हे ध्यानात घेतले तर या लोकप्रियतेचे वजन कळते. सरकारी वाहिनी आरटीईचे स्वतःचे प्रयोग मात्र कधी कधी अक्षरशः बुडाले : २००३ च्या ‘केबिन फीव्हर’ या कार्यक्रमात स्पर्धकांना शिडाच्या जहाजावर ठेवले होते आणि ते जहाजच टोरी बेटाजवळ खडकांवर आदळून फुटले. सुदैवाने सगळे सुखरूप बाहेर आले.

पुढचे वळण २००९ च्या अखेरीस ‘जर्सी शोअर’ या अमेरिकी मालिकेने दिले. न्यू जर्सीच्या किनाऱ्यावरील घरात इटालियन वंशाच्या तरुणांना आणून त्यांची केशरचना, कमावलेली शरीरे आणि बोली यांचेच भांडवल केले गेले. इटालियन-अमेरिकन संघटनांनी तीव्र आक्षेप घेतले आणि प्रेक्षक वाढले. मे २०११ मध्ये ब्रिटनने न्यूकॅसल शहर निवडून ‘जॉर्डी शोअर’ काढली. या प्रकाराचे कलम कोणत्याही मातीत लावता येते, फक्त आधीच ज्यांच्या बोलण्याची टिंगल होते अशी वस्ती शोधावी लागते, हे सूत्र तोपर्यंत पक्के झाले होते. आयर्लंडमध्ये ही निवड टॅलाच्या वाट्याला आली.

त्याआधी वर्षभर, २०१० मध्ये, आरटीईने ‘फेड स्ट्रीट’ दाखवली होती. तीही एकत्र राहणाऱ्या तरुणींचीच गोष्ट, पण मध्य डब्लिनच्या झोकदार रस्त्यावरची आणि फॅशन मासिकाच्या कचेरीतली. ती फिकी वाटली, असे माझे मत आहे. तरी तिच्यातील मुलींचा पत्ता हा हसण्याचा विषय नव्हता. ‘टॅलाफोर्निया’त पत्ता हाच विषय होता, आणि टॅलातील अनेक रहिवाशांची नाराजी समजण्यासारखी आहे. वीस-तीस वर्षे खपून सोयी मिळवलेल्या वस्तीचे नाव मद्याच्या पेल्याशी आणि शिवीगाळीशी बांधले जात होते.

काळही लक्षात घ्यावा लागतो. २००८ मध्ये आयरिश बँका कोसळल्या, नोव्हेंबर २०१० मध्ये युरोपीय संघ व आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांच्याकडून ८५ अब्ज युरोंच्या मदत योजनेला मान्यता घ्यावी लागली. २०११ च्या सुमारास काम शोधणाऱ्या पंचविशीखालील दर दहांपैकी जवळजवळ तिघे बेकार होते आणि विमानतळांवर ऑस्ट्रेलिया, कॅनडाला निघालेल्या मुलामुलींचे निरोप रोजचे झाले होते. १९९८ मध्ये सुरू झालेल्या टीव्ही थ्रीला आरटीईप्रमाणे परवाना शुल्काचा (टीव्ही असलेल्या घरांनी भरायच्या वार्षिक रकमेचा) आधार नव्हता. जाहिराती आटलेल्या त्या दिवसांत एक घर, काही कॅमेरे आणि हौशी तरुण एवढ्यावर भागणारा कार्यक्रम तिला सोयीचा होता. देश सोडून चाललेल्या पिढीचे पडद्यावरचे रूप मात्र उन्हात भाजल्यासारखे रंगवलेले, रात्रभर नाचणारे असे दिसत राहिले.

२०१८ मध्ये टीव्ही थ्रीचे नामांतर होऊन ती व्हर्जिन मीडिया वन झाली. २०१९ मध्ये ‘लव्ह आयलंड’ हा घरात राहणाऱ्या जोड्यांचा ब्रिटिश कार्यक्रम आयर्लंडमधील लिमरिकच्या ग्रेग ओशे या रग्बी खेळाडूने जोडीदारासह जिंकला. ते घर स्पेनच्या मायोर्का बेटावरचे होते. ऊन खरे होते आणि कोणाच्या वस्तीचे नाव त्याला जोडावे लागले नाही.