दोष लेन्सचा नाही, सेन्सरवरच्या काचेचा

रेंजफाइंडर म्हणजे लेन्सऐवजी वेगळ्या खिडकीतून नेम धरायचा, आत आरसा नसलेला कॅमेरा. त्याची जुनी वाइड (रुंद दृश्य टिपणारी) लेन्स सोनीच्या फुल-फ्रेम मिररलेस कॅमेऱ्यावर (फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या, बिनआरशाच्या डिजिटल कॅमेऱ्यावर) लावली की कोपरे ओघळल्यासारखे दिसतात. लगेच निकाल लागतो: 'फिल्मच्या काळातली लेन्स, डिजिटलला कुठून पुरणार?' हा समज कितीतरी वर्षं फिरतोय आणि तो चुकीचा आहे. हीच लेन्स फिल्मवर कोपऱ्यापर्यंत नीट चालते.

फरक सेन्सरपुढच्या काचेत आहे. सोनीत ती सुमारे 2 मिलिमीटर जाड असते, लायका कंपनीच्या डिजिटल एम कॅमेऱ्यांत (तेही रेंजफाइंडरच) 1 मिलिमीटरहूनही कमी. फिल्मपुढे तर काचच नसते. रेंजफाइंडरमध्ये आरसा नसल्यामुळे वाइड लेन्सचं मागचं भिंग फिल्मच्या अगदी जवळ बसवता यायचं. त्यामुळे कडेचे किरण फार तिरके येतात, आणि तिरका किरण जाड काचेतून गेला की एका बिंदूत जुळत नाही. मधोमध किरण सरळ पडतात, म्हणून तिथे चित्र लख्ख.

म्हणूनच 50 किंवा 90 मिलिमीटरच्या, म्हणजे वाइड नसलेल्या लेन्सना कडेचे किरण कमी तिरके येत असल्याने सहसा फारसा त्रास होत नाही. एसएलआरच्या (आरशातून, लेन्समधूनच नेम धरायच्या कॅमेऱ्याच्या) वाइड लेन्सही बऱ्यापैकी सुटतात, कारण आरशाला जागा द्यायला त्यांचं मागचं भिंग लांब ठेवावं लागे.

कडेची जांभळट झाक हे वेगळं दुखणं. बॅक-इल्युमिनेटेड सेन्सर (ज्यात प्रकाश टिपणारा थर तारांच्या जाळीच्या पुढे असतो) आल्यापासून ते बरंच कमी झालंय. फॉइग्टलेंडर या लेन्सच्या ब्रँडने आपल्या 15 मिलिमीटर हेलियार या वाइड लेन्सची तिसरी आवृत्ती डिजिटल सेन्सर डोळ्यांसमोर ठेवून नव्याने आखली; ती पहिलीपेक्षा चांगलीच जाडजूड आहे. जुनीच वापरायची तर अॅपर्चर (लेन्सचं प्रकाश आत घेणारं छिद्र) लहान करून एफ 8 किंवा एफ 11 ला न्या. कोपरे सुधारतात, पूर्ण नाही.