भाकरी सकाळी, आमटी रात्री: प्रथिनं वाया जात नाहीत

'डाळ आणि भात एकाच जेवणात खाल्ले तरच प्रथिनं अंगी लागतात, नाहीतर मटण-अंड्यांना पर्याय नाही.' हा समज पन्नासेक वर्षं फिरतो आहे. फ्रान्सिस मूर लापे या अमेरिकन लेखिकेने 1971 मध्ये आपल्या पुस्तकात असा मेळ घालायला सांगितलं आणि ते जगभर पसरलं. 1981 च्या सुधारित आवृत्तीत तिनेच तो आग्रह मागे घेतला. ही दुरुस्ती मात्र फारशी कुणापर्यंत पोचली नाही, याची मला खरोखर खंत वाटते.

मूळ निरीक्षण खरं आहे. प्रथिनं अमिनो आम्ल नावाच्या घटकांची बनलेली असतात. त्यांपैकी लायसिन ज्वारी, गहू, तांदळात कमी, मेथिओनिन डाळींत कमी. दोन्ही एकमेकांची उणीव भरून काढतात. पण शरीर प्रत्येक ताटाचा हिशेब वेगळा ठेवत नाही. रक्तात आणि पेशींत सुट्या अमिनो आम्लांचा साठा कायम फिरत असतो, आतड्यातल्या झडलेल्या पेशी आणि पाचकरसही पचून त्यात भर घालतात. त्यामुळे दिवसभरात दोन्ही पोटात गेलं की पुरतं.

खरी अडचण प्रमाणाची आहे. 60 किलो वजनाच्या माणसाला दिवसाला सुमारे 50 ग्रॅम प्रथिनं लागतात. शंभर ग्रॅम कच्च्या तूरडाळीत ती 22 ग्रॅमच्या आसपास असतात, म्हणजे वाटीभर पातळ वरणात फारच थोडी. उसळ, दही, शेंगदाणे हवेतच.

आणि बी-12 जीवनसत्त्वाचं काय? ते वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही. दूधही न घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी.