कोंबडीची जखम आणि कळपाची नजर

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. जुळे सोलापुरातल्या आमच्या परसात सकाळी खुराड्याचं दार उघडलं तर सगळ्या बाहेर आल्या, एक तपकिरी तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, तेवढी कोपऱ्यात बसून राहिली. उचलून घेतली तेव्हा बोटांना ओलं लागलं. डाव्या पंखाखाली कातडी दोन बोटं फाटली होती आणि आतलं गुलाबी मांस दिसत होतं. शेजारच्या मावशी कुंपणापलीकडून म्हणाल्या, "हळद दाबा की, बरं होतंय बघा."

हळदीवर माझा राग नाही. पण कोंबडीच्या जखमेत औषधाआधी आडोसा लागतो. आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या असतात, कोंबडीच्या डोळ्यात चार. त्यात लाल रंगाची तिला फार ओढ. दिसेल त्यावर चोच मारून बघायची हा तिचा स्वभावच, त्यामुळे रक्ताचा ठिपका दिसला की एक टोचते, मग दुसरी, आणि तासाभरात चिरेचा खड्डा होतो. कोंबड्यानं केलेल्या जखमेपेक्षा पुढचं हे टोचणंच पुष्कळदा जीव घेतं. म्हणून जखमी पक्षी दिसला की आधी डालग्याखाली झाका, मग हळद, आयोडीन काय ते शोधा.

अंधारात कोंबडी शांत होते. डालगं सावलीत ठेवून आत पाण्याची वाटी द्यायची. मग उकळून कोमट केलेल्या पाण्यात मीठ घालून, लिटरला दीड छोटा चमचा, जखम सावकाश धुवायची. पोव्हिडोन आयोडीन पाण्यात इतकं पातळ करायचं की रंग कोऱ्या फिक्या चहासारखा दिसावा. घाण आत असताना वरून हळद दाबली तर घाण आतच राहते. पक्ष्यांचा पू आपल्यासारखा पातळ नसतो, पनीरसारखा घट्ट गोळा होतो. तो आपोआप वाहून जात नाही, म्हणून सुरुवातीची धुलाई महत्त्वाची. दुसरा शत्रू माशी. उन्हाळ्यात उघड्या जखमेवर तिनं अंडी घातली की दिवसभरात अळ्या निघू शकतात, म्हणून सकाळ-संध्याकाळ पंख उचलून बघायचंच. अळ्या दिसल्या तर रॉकेल किंवा टर्पेंटाइन ओतू नका, नाजूक कातडी जळते. जखम खोल असेल, वास येत असेल किंवा पक्षी खात नसेल तर पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. माणसाच्या गोळ्या अंदाजानं देऊ नका, त्यांचा अंश अंड्यातही उतरतो.

ही चीर पडली कशी? कोंबडा माजावर आला की मादीच्या पाठीवर चढतो, चोचीनं तिच्या मानेची पिसं धरतो आणि पायांनी तोल सावरतो. नखं आणि पायामागचा टोकदार काटा तिच्या पाठीवर, कुशीवर घासतो. हे रोजचंच असतं, निरोगी पाठीला सोसतं. आमच्याकडे मात्र सात कोंबड्यांमागे दोन कोंबडे होते. साधारण आठ-दहा माद्यांमागे एक नर पुरतो. नर जास्त झाले की चढाओढ लागते आणि बहुतेकदा एकाच आवडत्या मादीची पाठ उघडी पडते. आमच्या तलंगेचं तेच झालं. चूक माझी होती, दुसरा कोंबडा तुरा छान म्हणून ठेवला होता.

थोरलाइफ श्येल्डेरुप-एब्बे या नॉर्वेच्या प्राणिशास्त्रज्ञानं 1922 साली कोंबड्यांमधल्या टोचण्याच्या उतरंडीचं वर्णन प्रसिद्ध केलं. वरची खालचीला टोचते, खालची सरकून वाट देते आणि भांडण तिथंच मिटतं. मला यातला मधला भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो : सरकायला जागा पाहिजे. सोलापूरच्या मे महिन्यात पारा त्रेचाळीसच्या पुढे जातो. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नाहीत, ती चोच उघडून धापा टाकत अंग थंड ठेवते. आमच्या परसात दुपारची सावली एका कडुलिंबाखाली. हार मानून पळणारीला उन्हात जावं लागे, म्हणून ती पळत नसे आणि मार खाई. एका बाजूला शेडनेट आणि पाण्याचं दुसरं भांडं ठेवल्यावर भांडणं डोळ्यांदेखत कमी झाली.

आक्रमक कोंबडा माणसावरही येतो. पाच-सहा महिन्यांचा झाला की टेस्टोस्टेरॉन वाढतं, एक पंख खाली सोडून तिरका तिरका नाचत तो जवळ येतो. तेव्हा पळू नका आणि लाथही घालू नका. पळालात तर तो जिंकला, लाथ घातलीत तर लढाई सुरू झाली. बादली पुढे धरून शांत उभं राहा, नाहीतर उचलून काखेत दाबून पाच मिनिटं फिरवा. काट्याचं टोक कानशीनं बोथट करता येतं, पण फक्त टोक, कारण आत हाड आणि रक्त असतं. लहान मुलांच्या तोंडावर झेपावणारा कोंबडा मात्र मी ठेवणार नाही आणि त्याची अंडीही उबवणार नाही, कारण हा स्वभाव काही अंशी पिल्लांत उतरतो.

दुसरा कोंबडा मी गावाकडे मामांच्या मोठ्या कळपात दिला. तलंगेला तीन आठवडे खुराड्यातच जाळीआड ठेवलं, सगळ्यांना दिसेल अशी. फार दिवस नजरेआड गेलेल्या कोंबडीला कळप परकी समजतो. तिच्या पाठीवर आईच्या जुन्या सुती लुगड्याचा तुकडा बांधला, पंखांखालून पट्ट्या घेऊन. सोलापुरी चादरीचाही तुकडा घरात होता, पण उन्हात तो जड झाला असता. सुईसारखी नवी पिसं वर येत होती. त्यांच्या नळीत रक्त असतं, म्हणून ती झाकलेली बरी.

मृगाच्या पहिल्या सरीनंतर कापड काढलं. पाठीवर बोटभर लांबीची, अजून मेणचट आवरणातली तपकिरी पिसं होती आणि कोंबडी कडुलिंबाखाली माती उकरत होती.