विद्यापीठीय अध्यापकांचे निवृत्तिनियोजन

विद्यापीठे व महाविद्यालये यांत शिकवणाऱ्या अध्यापकाने नियत वयोमानानंतरच्या उत्पन्नाची, आरोग्यखर्चाची, निवाऱ्याची आणि आपल्या अभ्यासकार्याची आधीपासून केलेली तरतूद म्हणजे निवृत्तिनियोजन होय. प्रस्तुत नोंदीत प्रामुख्याने महाराष्ट्रातील स्थितीचा विचार केला आहे. या विषयावरील बहुतेक सल्ला पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला उद्देशून दिलेला असतो. प्रत्यक्षात अध्यापकाच्या निवृत्तीची आर्थिक चौकट नियुक्तिपत्रावरची तारीख, पदाला मिळालेली मान्यता आणि संस्थेचा प्रकार या तीन गोष्टींनी नोकरीच्या पहिल्याच दिवशी बरीचशी ठरून गेलेली असते. एकाच विभागात शेजारी बसून एकच अभ्यासक्रम शिकवणाऱ्या दोघांच्या निवृत्तीनंतरच्या मासिक उत्पन्नात कित्येक पटींचे अंतर असू शकते आणि त्याचा त्यांच्या विद्वत्तेशी किंवा काटकसरीशी काही संबंध नसतो.

निवृत्तीचे वय सर्वत्र सारखे नाही. केंद्रीय विद्यापीठांतील अध्यापकांसाठी ते २००७ पासून ६५ वर्षे आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या शिफारशी राज्यांनी जशाच्या तशा स्वीकारल्या नसल्यामुळे महाराष्ट्रातील राज्य विद्यापीठांत आणि अनुदानित महाविद्यालयांत अध्यापक सामान्यतः ६० व्या वर्षी निवृत्त होतो. प्राचार्यांसाठी ही मर्यादा अधिक आहे. नियमानुसार ज्या महिन्यात वय पूर्ण होते त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी सेवा संपते. मात्र जन्म महिन्याच्या एक तारखेचा असेल, तर आधीच्या महिन्याच्या अखेरीस. गावोगावच्या शाळांत दाखल करताना गुरुजींनी सोयीसाठी मुलांची जन्मतारीख १ जून लिहिण्याची एके काळी रीत होती. म्हणून त्या पिढीतील अध्यापक ३१ मे रोजी घाऊकपणे निवृत्त होतात. वार्षिक वेतनवाढीची तारीख १ जुलै असल्याने अकरा महिने काम करूनही शेवटची वेतनवाढ त्यांच्या हाती लागत नाही. ३० जून रोजी निवृत्त होणाऱ्यांचा असाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०२३ मधील निर्णयाने कर्मचाऱ्यांच्या बाजूने सुटला; गुरुजींच्या लेखणीने एक महिना अलीकडे आणलेल्यांना त्याचा उपयोग नाही.

महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ ही तारीख निर्णायक आहे. त्यापूर्वी अनुदानित, मान्य पदावर रुजू झालेल्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ च्या धर्तीवर निवृत्तिवेतन मिळते, म्हणजेच बोलीभाषेतील ‘जुनी पेन्शन’. पुरेशी अर्हताकारी (निवृत्तिवेतनासाठी धरली जाणारी) सेवा झाल्यास अखेरच्या मूळ वेतनाच्या निम्मी रक्कम आणि तिच्यावर वेळोवेळी वाढणारा महागाई भत्ता असे तिचे स्वरूप असून निवृत्तिवेतनधारकाच्या मृत्यूनंतर सर्वसाधारणपणे वेतनाच्या ३० टक्के इतके कुटुंब निवृत्तिवेतन जोडीदाराला मिळते. सातव्या वेतन आयोगाच्या रचनेत प्राध्यापकपदाचे मूळ वेतन ₹१,४४,२०० पासून सुरू होते. ते वाढत वाढत ₹१,८२,७०० वर पोहोचलेले असताना निवृत्ती आली, तर मूळ निवृत्तिवेतन ₹९१,३५० होते. सर्व काही अखेरच्या वेतनावर अवलंबून असल्याने या गटातील अध्यापकाचे खरे नियोजन बचतीपेक्षा पदोन्नतीत असते: कारकीर्द प्रगती योजनेचे, म्हणजे ‘कॅस’चे, प्रस्ताव वेळेवर दाखल करणे, उजळणी व उद्बोधन वर्ग वेळच्या वेळी पूर्ण करणे आणि वेतननिश्चिती तपासून घेणे. लांबलेल्या पदोन्नतीची थकबाकी पुढे मिळते, पण तोवर निवृत्तिवेतनाचे प्रकरण जुन्या वेतनावर मंजूर झालेले असले, तर ते सुधारून घेण्यासाठी पुन्हा पहिल्यापासून कागद फिरवावे लागतात.

जुन्या योजनेतील सर्वांत विचारपूर्वक घेण्याचा निर्णय अंशराशीकरणाचा आहे. निवृत्तिवेतनाचा कमाल ४० टक्के भाग एकरकमी उचलता येतो आणि तेवढी कपात १५ वर्षांनी थांबून पूर्ण निवृत्तिवेतन पुन्हा सुरू होते. वरील उदाहरणात दरमहा ₹३६,५४० सोडून सुमारे ₹३५.९ लाख हाती येतात. १५ वर्षांत सोडलेली रक्कम मात्र सुमारे ₹६५.८ लाख होते. व्याजाच्या भाषेत हे साधारण ९ टक्के दराने घेतलेल्या कर्जासारखे आहे, आणि एवढ्यावरून पुष्कळजण ते नाकारतात. हा हिशेब अपुरा आहे. महागाई भत्ता कपातीपूर्वीच्या पूर्ण निवृत्तिवेतनावर मिळत राहतो, हाती आलेली रक्कम प्राप्तिकरमुक्त असते, सोडलेला मासिक भाग मात्र करपात्र ठरला असता, आणि दरम्यान मृत्यू झाल्यास उरलेली रक्कम कुटुंब निवृत्तिवेतनातून वसूल केली जात नाही. गृहकर्ज शिल्लक असणाऱ्याला किंवा प्रकृती तोळामासा असणाऱ्याला अंशराशीकरण फायद्याचे ठरते. नातेवाइकांच्या आग्रहाखातर रक्कम उचलून ती त्यांच्याच व्यवसायात घालणाऱ्याला ते महागात पडते. निवृत्तीनंतर एका वर्षाच्या आत अर्ज केल्यास त्यासाठी वैद्यकीय तपासणी लागत नाही.

सेवा उपदानाची, म्हणजे ‘ग्रॅच्युइटी’ची, गणना प्रत्येक पूर्ण सहामाहीसाठी वेतनाच्या एकचतुर्थांश याप्रमाणे होते, पण ज्येष्ठ प्राध्यापक कमाल मर्यादेलाच जाऊन भिडतो. राज्य शासकीय कर्मचाऱ्यांसाठी ही मर्यादा ₹१४ लाख होती. ती १ सप्टेंबर २०२४ पासून ₹२० लाख झाली. रजा रोखीकरणाची, म्हणजे शिल्लक रजेचे पैसे मिळण्याची, ३०० दिवसांची कमाल मर्यादा ऐकून इतर खात्यांतील मंडळी अध्यापकांचा हेवा करतात, परंतु दीर्घ सुट्टी उपभोगणाऱ्या अध्यापकाच्या खाती अर्जित रजा फारशी साठतच नाही. उन्हाळी सुट्टीत परीक्षा, मूल्यमापन किंवा प्रवेशाच्या कामासाठी थांबवून घेतलेल्या दिवसांची नोंद करून घेतली असेल, तरच हा आकडा डोळ्यांत भरण्याजोगा होतो.

१ नोव्हेंबर २००५ रोजी व त्यानंतर रुजू झालेल्यांसाठी राज्याने परिभाषित अंशदान योजना आणली आणि पुढे ती राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणालीत, म्हणजे ‘एनपीएस’मध्ये, विलीन झाली. केंद्रात हीच सीमारेषा १ जानेवारी २००४ ची आहे. यात कर्मचारी मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या १० टक्के आणि शासन १४ टक्के रक्कम भरते. निवृत्तीच्या वेळी साठलेल्या निधीपैकी कमाल ६० टक्के करमुक्त काढता येतात आणि किमान ४० टक्क्यांची वार्षिकी, म्हणजे ठरावीक रक्कम नियमित देणारी योजना, विकत घ्यावी लागते. वार्षिकीवर महागाई भत्ता नसतो, ही या प्रणालीतील सर्वांत मोठी उणीव होय. येथे अखेरचे वेतन गौण ठरते आणि भरणा किती वर्षे झाला याला महत्त्व येते. वेतन स्थिर धरून दरमहा ₹२४,००० जमा होतात आणि परतावा ८ टक्के मिळतो असे मानले, तर ३० वर्षांत सुमारे ₹३.५८ कोटी साठतात, २० वर्षांत केवळ ₹१.४१ कोटी. वर्षे एकतृतीयांशाने घटली की निधी निम्म्याहूनही खाली येतो.

अध्यापकी पेशाला हा फरक विशेष जाचतो. पदव्युत्तर शिक्षण, नेट किंवा सेट ही अध्यापकपदाची पात्रता परीक्षा, मग पीएच.डी. आणि त्यानंतर पदभरतीवरील निर्बंध उठण्याची वाट पाहत तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर, काढलेली वर्षे, असा प्रवास करून पूर्णवेळ पदावर येईतो अनेकांची पस्तिशी उलटते. तासिका तत्त्वावरील मानधनातून निवृत्तिवेतनासाठी कपात होत नाही आणि ती सेवा पुढे सहसा हिशेबात धरली जात नाही. चाळिशीत रुजू होऊन साठीत बाहेर पडणाऱ्याला सरकारी वाट्यावर विसंबून राहणे परवडत नाही. त्याने तासिका तत्त्वाच्या काळातच सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचे खाते उघडून त्यात जमेल तेवढे भरत राहावे, हे मत येथे मुद्दाम नोंदवावेसे वाटते.

नियुक्तीच्या तारखेवरून झालेल्या वादांत नेट-सेटबाधित अध्यापकांचे प्रकरण सर्वांत दीर्घ चालले. २३ ऑक्टोबर १९९२ ते ३ एप्रिल २००० या काळात ही पात्रता नसताना नियुक्त झालेल्यांच्या सेवा २७ जून २०१३ च्या शासन निर्णयाने नियमित झाल्या, परंतु त्या निर्णयाच्या दिनांकापासून. वीस-बावीस वर्षे वर्गावर उभ्या राहिलेल्या माणसाची निवृत्तिवेतनापुरती नियुक्ती २००५ नंतरची ठरू लागली आणि वाद न्यायालयांत गेला. जुन्या योजनेच्या मागणीसाठी मार्च २०२३ मध्ये राज्यभर झालेल्या संपात शिक्षक व शिक्षकेतर कर्मचारीही सामील होते. केंद्राने २४ ऑगस्ट २०२४ रोजी एकीकृत निवृत्तिवेतन योजना मंजूर केली आणि पाठोपाठ महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ती स्वीकारली. २५ वर्षांच्या सेवेला अखेरच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्म्याची हमी आणि किमान दहा वर्षांच्या सेवेला दरमहा ₹१०,००० असा तिचा गाभा आहे. उशिरा रुजू झालेल्या अध्यापकाची २५ वर्षे भरत नाहीत, म्हणून त्याला ही हमी प्रमाणात घटूनच मिळते. विद्यापीठे व अनुदानित महाविद्यालये यांतील अध्यापकाने अशा कोणत्याही योजनेबाबत आपल्या संवर्गापुरता स्वतंत्र शासन निर्णय पाहिल्याखेरीज पर्याय निवडू नये.

विनाअनुदानित महाविद्यालये व खासगी विद्यापीठे यांतील अध्यापकांची स्थिती सर्वांत कमकुवत आहे. त्यांना कर्मचारी भविष्य निर्वाह निधी लागू असला, तरी त्याच्याशी जोडलेल्या निवृत्तिवेतनाची गणना सामान्यतः ₹१५,००० च्या वेतनमर्यादेवर होते. वेतन गुणिले सेवावर्षे भागिले ७० या सूत्राने २५ वर्षांच्या सेवेला दरमहा सुमारे ₹५,३५७ पडतात, मग प्रत्यक्ष पगार लाखाच्या घरात का असेना. उपदानाचा हक्कही या वर्गाला सहजी मिळाला नाही. शिक्षक हे उपदान कायद्यातील ‘कर्मचारी’ नव्हेत असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये म्हटल्यावर संसदेने २००९ मध्ये कायदा दुरुस्त करून ३ एप्रिल १९९७ पासून पूर्वलक्षी प्रभावाने त्यांचा समावेश केला, आणि ती दुरुस्ती ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयाने वैध ठरवली. मुदतबंद नियुक्ती सोडल्यास सर्वसाधारणपणे पाच वर्षे सलग सेवा झाल्यावर हा हक्क निर्माण होतो; दर दोन-तीन वर्षांनी संस्था बदलणारा अध्यापक तो बहुधा गमावतो.

कागदपत्रांची पूर्तता हा नियोजनाचा कंटाळवाणा भाग आहे आणि रखडलेल्या प्रकरणांचे मूळ बहुधा तेथेच सापडते. सेवापुस्तकातील नियुक्तीची विद्यापीठ-मान्यता, रजांच्या नोंदी, खंडित सेवा क्षमापित केल्याचे आदेश, प्रत्येक वेतन आयोगाच्या वेतननिश्चितीची पडताळणी, नामनिर्देशन आणि ग्रंथालयापासून वसतिगृहापर्यंतची ना-देय प्रमाणपत्रे यांतील एक जरी उणी असली, तरी प्रस्ताव परत येतो. शेवटच्या सहा महिन्यांत धावपळ करण्याऐवजी दोन वर्षे आधी सेवापुस्तकाची साक्षांकित प्रत काढून पानन् पान वाचणे श्रेयस्कर. जुन्या योजनेतील निवृत्तिवेतन सुरू झाल्यावर ते अखंड राहण्यासाठी दर नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो.

एकरकमी मिळालेल्या पैशाची विभागणी करताना ज्येष्ठ नागरिक बचत योजना सहसा आधी विचारात घेतली जाते. १ एप्रिल २०२३ पासून तिची मर्यादा ₹३० लाख आहे. विद्यापीठाच्या आवारातील निवासस्थानात तीस वर्षे राहिलेल्याकडे स्वतःचे घर नसते, ही अडचण पुष्कळदा अखेरच्या वर्षी लक्षात येते. वैद्यकीय प्रतिपूर्तीची नोकरीतील सोय अनेक संस्थांत सेवेबरोबरच संपते, म्हणून आरोग्यविमा पन्नाशीच्या आत, आजार जडण्यापूर्वी घेतलेला बरा. वयाची ७० वर्षे पूर्ण झालेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वार्षिक ₹५ लाखांपर्यंतचे संरक्षण उत्पन्नाची अट न घालता मिळते.

अध्यापकाच्या निवृत्तीला इतर नोकऱ्यांत नसलेली आणखी एक बाजू आहे, ती म्हणजे हाती असलेल्या संशोधनाची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. विनियमांनुसार निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्या अध्यापकाला नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. आधीचे विद्यार्थी निवृत्तीपर्यंत मार्गदर्शक म्हणून आणि त्यानंतर वयाच्या ७० व्या वर्षापर्यंत सहमार्गदर्शक म्हणून सांभाळता येतात. प्रकल्पाचा अखेरचा हप्ता, त्यातून घेतलेली उपकरणे, प्रयोगशाळेचा ताबा, विभागात ठेवलेली खासगी ग्रंथसंपदा आणि क्षेत्रकार्याच्या नोंदी यांची व्यवस्थाही याच तीन वर्षांत लावावी लागते, कारण निवृत्तीनंतर विभागातील खोली किती दिवस वापरता येईल हे विभागप्रमुखाच्या सौजन्यावर अवलंबून असते.